घाट : रस्त्याचा आणि कथेचा

मराठीत 'घाट' हा शब्द फार कामाचा आहे. नदीकाठच्या पायऱ्यांना आपण घाट म्हणतो, भांड्याच्या आकाराला घाट म्हणतो, डोंगर चढून जाणाऱ्या रस्त्याला घाट म्हणतो, आणि समीक्षकांनी कथा-कवितेच्या बांधणीलाही हाच शब्द देऊन टाकला. कथेचा घाट, कवितेचा घाट, आशय आणि घाट यांचे नाते, अशी या शब्दाची ये-जा आपल्या समीक्षेत कितीतरी वर्षे चालू आहे. गंमत अशी की, समीक्षेतल्या घाटावर लिहिणाऱ्याला डोंगरातला घाट आठवत नाही आणि डोंगरातल्या घाटावर लिहिणाऱ्याला आपल्या लिहिण्यालाही काही घाट असावा हे सुचत नाही. या लेखात आम्हाला हे दोन्ही घाट एकत्र घ्यायचे आहेत. निमित्त कुंभार्ली घाटाचे आहे. प्रश्न मात्र आपल्या, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांच्या साहित्याचा आहे.

कुंभार्ली काही खंडाळ्यासारखा नामांकित नाही. चिपळूणहून निघालेला रस्ता अलोरे, शिरगाव, पोफळी ही गावे मागे टाकत सह्याद्रीच्या भिंतीला भिडतो, वळणे घेत घाटमाथ्यावर येतो, हेळवाकला कोयनेच्या खोऱ्यात शिरतो आणि नदीच्या सोबतीने पाटणवरून कराडला पोहोचतो. चिपळूण ते कराड हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. आज हा रस्ता गुहागर ते विजयपूर अशा राष्ट्रीय महामार्गाचा एक तुकडा आहे. आजूबाजूचे जंगल दाट आहे. एका अंगाला कोयनेचे अभयारण्य, दुसऱ्या अंगाला पुढे चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान, आणि दोन्ही मिळून २०१० साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पावसाळ्यात इथे धुके असे उतरते की, समोरच्या गाडीचा दिवाही दिसत नाही, फक्त हॉर्न ऐकू येतो. आणि या सगळ्याच्या खाली, डोंगराच्या पोटात, पोफळीचे भूमिगत वीजघर आहे. जे पाणी एरवी पूर्वेला वाहत जाऊन कृष्णेला मिळायचे, ते बोगद्यातून पश्चिमेला पाडून त्याची वीज केली जाते आणि मग ते वाशिष्ठीत सोडले जाते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले तेव्हा या रस्त्याचे नाव साऱ्या देशाला कळले. त्यानंतर तो पुन्हा विस्मरणात गेला.

आम्ही हाच घाट का निवडला? दोन कारणे आहेत. पहिले कारण जुने आहे. आदिलशाहीचा दाभोळ बंदराशी जो व्यापार चाले, त्याच्या एका टोकाला विजापूर आणि दुसऱ्या टोकाला वाशिष्ठीची खाडी होती. मध्ये सह्याद्री उभा. अरबस्तानातून आलेले घोडे, कापड, मीठ, हजला निघालेले यात्रेकरू, सगळ्यांना कुठल्या ना कुठल्या घाटाने चढावे-उतरावे लागे. दाभोळच्या किनाऱ्यावर जी जुनी मशीद उभी आहे, जिला लोक 'अंडा मशीद' म्हणतात, तिच्याविषयीची आख्यायिका कोकणात अनेकांना तोंडपाठ आहे. विजापूरची शहजादी मक्केला जाण्यासाठी दाभोळपर्यंत आली, समुद्रावर चाच्यांचे भय होते, पुढे जाता येईना, तेव्हा बरोबर आणलेला पैसा तिने मशिदीवर खर्च केला. आख्यायिकेतला समुद्र आम्हाला माहीत आहे, मशीद माहीत आहे. पण त्या आख्यायिकेत घाट नाही! विजापूर ते दाभोळ एवढी वाट तुडवून आलेल्या मेण्यांचे, बैलांचे, भोयांचे एक वाक्यही लोकांनी जपलेले नाही. आम्हाला ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते, कारण पुढे साहित्यातही हेच झाले.

दुसरे कारण हमीद दलवाई. त्यांचे मिरजोळी हे गाव चिपळूणला लागून आहे. कुंभार्ली चढायला निघालेली गाडी चिपळुणातून निघते. आपल्या साहित्याचा पहिला मोठा गद्यलेखक या घाटाच्या पायथ्याशी जन्मला, ही गोष्ट आपण नुसती चरित्रातली नोंद म्हणून सोडून देऊ नये.

घाटावर लिहिणाऱ्यांचे आम्हाला ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. घाट पायी चढलेला, घाट खिडकीतून पाहिलेला आणि घाट ज्याच्या हातात स्टिअरिंग होते असा. पहिल्या दोघांनी लिहिले. तिसरा अजून गप्प आहे.

पायी चढणाऱ्यांचे लेखन वाचताना एक गोष्ट लगेच ध्यानात येते. त्यांना डोंगर सुंदर दिसत नाही. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला, डोंगर चढून जुन्नरला गेला, तिथून बिदरला, आणि परतताना दाभोळहून जहाजात बसला. त्याच्या टिपणांत माणसे आहेत, घोड्यांचा सौदा आहे, पाऊस आणि चिखल आहे, परधर्मीयांमध्ये आपला धर्म सांभाळताना झालेली घालमेल आहे. निसर्गवर्णन म्हणावे असे जवळजवळ काही नाही. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली घर सोडून उत्तरेकडे निघाले. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये वाट म्हणजे मुक्काम, दक्षिणेची आशा, चोर आणि शिपाई. ज्याचे पाय दुखत असतात तो दरीकडे कौतुकाने पाहत नाही. आणि अण्णाभाऊ साठे? कराडपासून फार दूर नसलेल्या वाटेगावातून ते पोरवयात वडिलांबरोबर पायी मुंबईला गेले. पुढे त्यांच्या लेखणीतून डोंगर, जंगल, घाट कितीदा तरी आले, पण ते नेहमी कुणाच्या तरी लपण्याची, झुंजण्याची किंवा भुकेची जागा म्हणून आले. त्यांचे सोबती शाहीर अमर शेख, म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल, याच महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आयुष्यभर डफ घेऊन फिरले आणि १९६९ साली मोटार अपघातातच गेले. त्यांचे गाणे गिरणीवर आहे, शेतावर आहे, संयुक्त महाराष्ट्रावर आहे. ज्या रस्त्याने त्यांना गावोगाव नेले आणि शेवटी हिरावले, त्या रस्त्याचे गाणे मात्र तेवढे झाले नाही.

'देखावा' ही चीज पक्क्या सडकेबरोबर आली. बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता १८३० साली झाला. त्याच सुमारास माल्कम साहेबाने महाबळेश्वरला थंड हवेचे ठाणे वसवले. म्हणजे घाट चढण्याचे कष्ट ज्याच्या अंगावरून उतरून बैलांच्या, भोयांच्या, पुढे इंजिनाच्या अंगावर गेले, त्याला डोंगर सुंदर दिसू लागला. आम्ही याला पाप म्हणत नाही. सुंदर आहे ते सुंदर आहे. पण मराठी गद्याने हा साहेबी डोळा उसना घेतला आणि मग तो परत केलाच नाही. दिवाळी अंकांतली प्रवासवर्णने काढून पाहा. 'हिरवा शालू पांघरलेली धरती', 'धुक्याची दुलई', 'दुधासारखे धबधबे', 'नागमोडी वळणे'. नाग या वाटेने इतक्या वेळा गेला आहे की बिचाऱ्याची कात सोलून निघाली असेल. या लेखांत गाडी आपोआप चालते. कुणी ती चालवतो आहे, त्याला झोप येते आहे, त्याच्या पायाखालचा ब्रेक तापला आहे, याचा मागमूस नाही. चालकाचा उल्लेख आलाच तर 'आमचा ड्रायव्हर मोठा वल्ली होता' एवढा. वल्ली म्हटले की त्याला विसरायची सोय होते.

पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' मात्र या रांगेत बसत नाही, आणि तिच्यावर थोडे थांबून बोलले पाहिजे. आपल्या काही मित्रांना ती नुसती विनोदी गोष्ट वाटते. आम्हाला ती रस्त्यावरची मराठीतली एक पक्की कथा वाटते. रत्नागिरी-मुंबई मार्गावरची एस.टी. म्हशीला धडकते आणि थांबते. बस चालू असती तर हे सगळे प्रवासी एकमेकांचे कुणीच नव्हते. ती थांबली म्हणून समाज झाला. आता मधु मलुष्टे दिसतो, सुबक ठेंगणी दिसते, म्हशीचा मालक धर्मा मांडवकर दिसतो, पंचनामा दिसतो, पुढारी दिसतो. आणि या गर्दीत उस्मानशेट आहेत. त्यांची बोली कोकणी मुसलमानाची आहे. पुलंनी ती हसण्यासाठी वापरली, हे खरे. पण बाकी साऱ्यांची बोलीही त्यांनी हसण्यासाठीच वापरली आहे. उस्मानशेटना वेगळे काढून त्यांच्यावर हसलेले नाही. ते बसमधले एक प्रवासी आहेत, तिकीट काढून बसलेले. ज्या काळात मराठी कथेत मुसलमान आला की तो एक तर सरदार असे नाही तर गुंड, त्या काळात त्याला रांगेतल्या सीटवर बसवणे ही छोटी गोष्ट नाही.

तरीही 'म्हैस'ची एक मर्यादा आम्हाला जाणवते. ही कथा प्रवाशांची आहे. सगळ्यांत जास्त ज्याचे काही जायचे आहे तो, म्हणजे चालक, तिच्यात एका कडेला आहे. म्हैस मेली तर धर्माचे जाईल, उशीर झाला तर प्रवाशांचा वेळ जाईल. पण चालकाची नोकरी जाईल, परवाना जाईल. विनोदाला ते ओझे पेलवले नसते, हे आम्ही समजू शकतो. प्रश्न पुलंना विचारायचा नाही. १९४८ साली पुणे ते तेव्हाच्या अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून या गाड्यांनी महाराष्ट्र बांधला, असे आपण भाषणांतून म्हणतो. मग इतक्या वर्षांत तो चालक कथेच्या मध्यभागी किती वेळा आला, असा हा प्रश्न आहे.

आता 'इंधन'. १९६५ सालची ही कादंबरी दिलीप चित्रे यांनी इंग्रजीत नेली, आणि आजही आपल्या गद्याचे माप तिच्याशीच लावावे लागते. मुंबईत राहणारा, आजारी पडलेला नायक बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी येतो. गावातल्या मुसलमानांचे आणि इतर समाजांचे आपसातले ताण, घरातले ताण, हे सगळे हळूहळू पेटते आणि शेवटी तो पुन्हा गाव सोडतो. या कादंबरीला दोन टोके आहेत, येण्याची वाट आणि जाण्याची वाट. मधे गाव आहे. दलवाईंचे मोठेपण असे की, त्यांनी गाव सुंदर केले नाही. कोकण म्हटल्यावर जी माडा-पोफळीची रांगोळी घालायची पद्धत होती, ती त्यांनी बाजूला ठेवली. त्यांच्या नायकाला घराच्या पडवीतून जे दिसते तेच दिसते. त्यामुळे दलवाईंनी घाटावर लिहिले नाही अशी तक्रार करणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे घर जळत होते. जळत्या घरातला माणूस समोरच्या डोंगराचे वर्णन करत बसत नाही.

पण त्यांच्यानंतरच्यांचे काय? दलवाई १९७७ साली गेले. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, आणि तेव्हापासून आपण एक प्रवाह म्हणून उभे आहोत. कविता भरपूर झाली, गझल झाली, वैचारिक गद्य झाले. कथा-कादंबरीकडे पाहिले तर विषयांची एक ठरलेली यादी दिसते. मोहल्ला, तलाक, दंगल, फाळणीची सल, संशयाने पाहणारा शेजारी, पोलीस चौकी. यातला एकही विषय खोटा नाही. पण हे सगळे विषय आपल्याला कुणीतरी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आहेत. तुम्ही या देशाचे का, तुमच्या बायकांचे काय, तुमची भाषा कोणती, असे कुणी विचारले आणि आपण लिहिले. उत्तर देणाऱ्या साहित्याला आपल्या रोजच्या कामधंद्याकडे बघायला सवड मिळत नाही. आपण जगतो कशावर, हे आपल्या साहित्यात फार थोडे आहे.

इथे दलित साहित्याशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. दया पवारांच्या १९७८ सालच्या आत्मकथनाचे नावच 'बलुतं' आहे. ते एका भावनेचे नाव नाही, एका व्यवहाराचे नाव आहे. काम काय, मोबदला काय, कुणी कुणाला किती द्यायचे, हे सारे त्या एका शब्दात येते. दलित लेखकांनी कामाची भाषा मराठीत आणली, आणि तिच्या मागोमाग त्यांचे दुःख आपोआप आले. आपण दुःख आधी आणले आणि कामाची भाषा घरी ठेवली.

कोणती भाषा? घाटापायथ्याच्या कुठल्याही गावात संध्याकाळी गॅरेजपाशी उभे राहून पाहावे. पंक्चरवाला, पाटे बदलणारा, वेल्डर, बॉडीचा रंगारी, डिझेलचा पंप उघडून बसलेला मिस्त्री. यात आपली मुले किती आहेत ते आम्ही सांगायला नको. वाचणाऱ्याच्या घरातच एखादा असेल. मालवाहू गाड्यांवर आपले चुलते, मामा, मेहुणे आहेत. घाटावरून गूळ, कांदा, भाजी, साखर खाली जाते. खालून आंबा, मासळी, जांभा दगडाचा चिरा वर येतो. लोट्याच्या कारखान्यांचे टँकर येतात-जातात. पूर्वी हाच माल लमाणांचे तांडे बैलांवर वाहत. बागवान, तांबोळी, अत्तार पाठीवर, डोक्यावर वाहत. ही परंपरा ट्रकच्या केबिनमध्ये बसून अजून चालू आहे.

आणि या लोकांकडे ज्ञान आहे. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हा पहिला धडा. चढणाऱ्या गाडीला वाट आधी द्यायची, कारण भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा हलवणे कठीण आणि मागे सरकली तर मागच्याचे मरण. उतारावर पाय ब्रेकवर ठेवून बसायचे नाही. लायनर तापतात, जळका वास येतो, आणि मग ऐनवेळी पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला गिअर काढून गाडी मोकळी सोडणारे असतात. मालक तेवढ्यासाठी शाबासकी देतो, आणि घाट कधीतरी हिशेब चुकता करतो. थांबलेल्या गाडीच्या चाकामागे दगड ठेवायचा, आणि निघताना तो उचलून कडेला टाकायचा. न उचलणाऱ्याला शिव्या खाव्या लागतात, कारण मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा तो काळ ठरतो. रात्री समोरचा कोण हे दिव्यांच्या उंचीवरून ओळखायचे. धुक्यात काच खाली करून कानांनी गाडी चालवायची. क्लीनरने, ज्याला बोलण्यात 'किन्नर'च म्हणतात, झोपायचे नाही. उस्तादाला डुलकी लागते आहे का ते पाहायचे. उस्ताद आणि किन्नर यांचे नाते तर एका कादंबरीचा ऐवज आहे. बाप-लेकासारखे, मालक-गड्यासारखे, पीर-मुरीदासारखे, तिन्ही एका केबिनमध्ये.

यातल्या प्रत्येक वाक्यात एक कथा आहे, आणि त्यातली क्वचितच लिहिली गेली आहे. आमच्या एका मित्राचे यावर म्हणणे असे की, ड्रायव्हर हा मुस्लिम साहित्याचा विषयच नव्हे, त्याला कसला धर्म. अगदी बरोबर. एकाच काचेवर सातशे शहाऐंशीचा आकडा आणि लिंबू-मिरची गुण्यागोविंदाने लटकत असतात. मालक एका समाजाचा, चालक दुसऱ्या, किन्नर तिसऱ्या. ज्याला उत्तरे द्यायची नसून नुसते जगणे सांगायचे आहे, अशा लेखकाला याहून मोकळी जागा कुठे मिळणार?

कोकणच्या बाबतीत एक जादा अडचण आहे, तीही नोंदवतो. कोकणी मुसलमानाचे तोंड समुद्राकडे आहे. पूर्वी तो खलाशी म्हणून जहाजावर गेला, बोटीने मुंबईला गेला. पुढे आखातात गेला. १९४७ साली 'रामदास' बोट बुडाली त्याच्या आठवणी कोकणात अजून सांगितल्या जातात. १९९८ पासून कोकण रेल्वे आली. डोंगर नेहमी त्याच्या पाठीशी राहिला, आणि पाठीमागचे माणसाला दिसत नाही. घाटावरच्या मुसलमानाचे उलट आहे. त्याला कोकण म्हणजे उतरणीचे, पावसाचे, परके मुलूख. मुंबईत 'घाटी' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, तो आपल्यातही वापरला जातो. कोकणी जमातीत आणि घाटावरच्या जमातीत सोयरीक जुळवताना काय काय बोलले जाते ते वाचकांना ठाऊक आहे. आपण बाहेरच्यांनी केलेल्या भेदावर लिहिले, या घाटाने केलेल्या भेदावर फारसे लिहिले नाही.

शिकलेल्यांनी जे केले नाही ते लोकांनी थोडेफार केले आहे. बोरघाटात शिंगरोबाचे ठाणे आहे. घाटातून वाट कुठून काढायची हे साहेबाला सापडेना, तेव्हा गुरे चारणाऱ्या शिंगरोबा धनगराने ती दाखवली आणि बक्षीस म्हणून साहेबाने त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. इतिहास म्हणून तिच्याकडे पाहायची गरज नाही. कथा म्हणून ती पक्की आहे. डोंगराचे ज्ञान कुणाचे, रस्त्यावर नाव कुणाचे आणि किंमत कुणी मोजली, हे तिने चार वाक्यांत सांगितले. गाडीवाले आजही तिथे नाणे टाकून पुढे जातात, त्यात सगळ्या जातीधर्मांचे गाडीवाले असतात. ट्रकच्या पाठीवरची अक्षरेही आम्ही याच खात्यात धरतो. त्यात टवाळी असते, आईबापांचे नाव असते, पोरीबाळींची नावे असतात, नशिबाला दिलेली शिवी असते. 'हॉर्न ओके प्लीज' लिहू नये असा फतवा राज्याच्या परिवहन खात्याने २०१५ साली काढला. लिहिणारे त्यानंतरही लिहितात. आपल्या किती कवितांना असा हट्टी वाचक मिळतो?

आता समीक्षेतल्या घाटाकडे. घाटरस्त्याचा एक गुण असा की, तो तुम्हाला तीच दरी पुन:पुन्हा दाखवतो. पहिल्या वळणावर खालचे गाव दिसते, घरे मोजता येतात. तिसऱ्या वळणावर तेच गाव दिसते, पण आता त्याच्या मागची नदी दिसते. सातव्यावर गाव काडेपेटीएवढे होते आणि ते कोणत्या डोंगराच्या कुशीत आहे ते कळते. रस्ता मागे वळल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो वर आलेला असतो. कथेला घाट असतो म्हणजे याहून वेगळे काय असते? एकाच घटनेकडे परत येणे, दर वेळी थोड्या उंचीवरून. आपल्या बहुतेक कथा या हमरस्त्यासारख्या सरळ जातात. पहिल्या परिच्छेदात अन्याय, मधे सोसणे, शेवटी बंड किंवा जनाजा. तलाकच्या कथेत नवरा पहिल्या ओळीपासून दुष्ट असतो आणि शेवटच्या ओळीपर्यंत तसाच राहतो. दुसऱ्या वळणावरून त्याच्याकडे पाहिले असते तर त्याची आई दिसली असती, तिसऱ्यावरून त्याचे कर्ज दिसले असते. अन्याय त्यामुळे कमी झाला नसता, उलट तो कुठल्या डोंगराच्या कुशीत आहे ते कळले असते.

दुसरी गोष्ट उताराची. चालकांना विचारा, भीती चढाची नसते. चढावर फार तर गाडी बंद पडेल. घात उतारावर होतो. आपल्या कथाकारांना चढता छान येते. राग वाढवत नेता येतो, प्रसंगावर प्रसंग रचता येतो. पण माथ्यावर आल्यावर ते गिअर काढून गाडी मोकळी सोडतात, आणि मग भाषण सुरू होते. भाषणाच्या उतारावर कथा कुठे जाऊन आदळली हे लेखकालाही कळत नाही. दुसऱ्या गिअरात कथा उतरवणे, म्हणजे शेवटी शेवटी भाषेला आवरून धरणे, हे 'लाट'मधल्या कथा लिहिणाऱ्या दलवाईंना येत होते. १९६१ सालचे हे पुस्तक आहे. नव्या कथाकारांनी त्याच्या निष्ठांवर वाद घालण्याआधी त्याचे ब्रेक कसे लागतात ते एकदा पाहावे.

हे सगळे घाईने सांगण्याचे कारण असे की, घाटच संपत चालले आहेत. बोरघाटात १८३० सालचा जो पूल अमृतांजनच्या जाहिरातीमुळे अमृतांजन पूल म्हणून ओळखला जाई, तो २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता ओस असताना, पाडून टाकला. पोलादपूर आणि खेडमधला कशेडी घाट बोगद्याने टाळता येऊ लागला. २०२३ पासून तो बोगदा टप्प्याटप्प्याने खुला झाला. बोगदे व्हावेत. आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून अनेक माणसे गेली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ च्या पावसाने तळिये गावावर दरड आणली आणि चिपळूण बुडवले. असा मुलूख सुरक्षित करण्याला कोण विरोध करील? घाट राहावेत म्हणून माणसे मरावीत असे म्हणणारा लेखक खिडकीतलाच लेखक असला पाहिजे. पण बोगद्यात वळण नसते, धुके नसते, समोरच्याला वाट देणे नसते. अंधारातून सरळ पलीकडे. ज्या पिढीला कानांनी गाडी चालवता येते ती आता साठीला आली आहे. तिच्याकडचे शब्द तिच्याबरोबर जातील. वर सांगितलेल्या अपघातांच्या बातम्या झाल्या, चौकशा झाल्या. त्यांच्यातून निघालेली एखादी कथा मात्र आमच्या वाचनात आली नाही.

कुंभार्ली अजून तसाच आहे. घाटमाथ्यावर चहाच्या टपऱ्या आहेत, आणि पावसाळी रात्री दरड आली म्हणून गाड्या थांबल्या की तिथे जो दरबार भरतो त्याच्यात तीन-चार बोली एका बाकड्यावर बसतात. मिरज-सांगलीकडचा चालक दख्खनीत विचारतो की, खाली काय हाल आहेत. चिपळूणकडचा त्याच्या कोकणी बोलीत उत्तर देतो. पाटणचा धनगर, जो आता ट्रकवर आहे, घाटी मराठीत दोघांची टर उडवतो. टपरीवाला प्रमाण मराठीत पैसे मागतो, कारण पैसे मागायला ती भाषा बरी पडते. कुणालाही कुणाचे भाषांतर करून सांगावे लागत नाही. ही बोलणी उद्या कुणी कथेत आणली तर आमची संपादकांना आतापासून एक विनंती आहे. ती जशी आली तशीच छापा. दख्खनी वाक्यांना तळटीप लावू नका, कोकणी शब्दांना अवतरणचिन्हांत कोंडू नका, आणि मुद्रितशोधकाने 'किन्नर'चा 'क्लीनर' केला तर तो पुन्हा 'किन्नर' करा.